वजनावर विकू नका: चित्रपट दालनाच्या सल्लागार समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सभासद,
नियोजित चित्रपट दालन, सल्लागार समिती,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा, वय पंचाहत्तर. छत्तीस वर्षं मुंबईच्या एका लॅबमध्ये फिल्म धुण्याचं काम केलं. माझे वडील त्याआधी इथल्याच एका स्टुडिओच्या लॅबमध्ये होते. म्हणजे आमच्या घरात दोन पिढ्या पडद्यावर कुणी नव्हतं, पण पडद्यावरचं प्रत्येक तोंड आधी आमच्या टाकीतून बुडून वर आलेलं. पत्र तुम्हाला लिहितोय, पण गावानंही वाचावं म्हणून उघड्यावर लिहितोय. खाजगी पत्रं दोन पाठवली होती. पोच आली, उत्तर आलं नाही.

दिवाळीनंतर तुमचं परिपत्रक हाती पडलं. दालनात पोस्टर, पोशाख, पारितोषिकं आणि कलावंतांच्या वापरातल्या वस्तू ठेवणार, आणि गोदामातलं ‘दर्शनी मूल्य नसलेलं, कालबाह्य व निरुपयोगी साहित्य’ वजनावर काढून टाकणार, असं त्यात आहे. यादी जोडलेली आहे. गंजके डबे, लाकडी चौकटी, प्लास्टरचे साचे, कार्बनच्या कांड्यांची खोकी, रसायनांच्या रिकाम्या बरण्या, ‘जुनी वह्या-रजिस्टरं अंदाजे चाळीस किलो’. त्या चाळीस किलोत माझ्या वडिलांची वही आहे. २०११ साली मी स्वतः ती ट्रंकेसकट आणून दिली होती. पावतीवर ‘ऐतिहासिक ठेवा’ असं लिहून दिलं होतं. चौदा वर्षांत ठेव्याची रद्दी झाली.

त्या वहीचं एक पान मला तोंडपाठ आहे, कारण शाळेत पाढे येत नव्हते तेव्हा वडील ते म्हणायला लावायचे. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाईट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, पाणी एक लिटर. कोडकनं १९२७ मध्ये काढलेला हा डी-७६ डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, जगभरच्या लॅबनी वापरला. पण वडिलांच्या पानावर समासात जे लिहिलंय ते कोडकच्या कागदावर नाही. ‘मेटॉल आधी. सल्फाईट आधी टाकलं तर मेटॉल विरघळत नाही, तळाशी बसतं.’ त्याखाली ६८ हा आकडा, भोवती तीनदा गोल. फॅरनहाईट. आणि शेजारी: ‘चैत्र-वैशाख: बर्फ दोन लाद्या, तरी ७६. तुरटी वाढवावी.’ ही तुरटी म्हणजे दाढीची नव्हे, क्रोमची, जांभळी. उन्हाळ्यात फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडून फुगतं, बोट लागलं तर चित्रासकट सरकतं. ते घट्ट धरून ठेवायला ती लागायची. कोडकच्या गावी, अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या थंडीत लिहिलेली पाककृती कोल्हापूरच्या उन्हाळ्यात कशी चालवली, याचा लेखी पुरावा म्हणजे ते पान. त्याला तुम्ही किलोचा भाव लावलाय.

तुमच्यापैकी बहुतेकांनी कच्ची फिल्म हातात धरली नसेल, म्हणून ती कशाची होती ते सांगतो. दोष देत नाही. धरायची वेळच आली नाही तुमच्यावर.

कापूस. सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू घ्यायचा, नायट्रिक आणि गंधकाच्या आम्लात भिजवायचा. त्यातून नायट्रोसेल्युलोज होतं. तोफेच्या बारुदाचं हे सख्खं भावंड. ते ठिसूळ असतं, म्हणून त्यात कापूर. देवापुढे जाळतो तोच. त्या काळी जगाचा कापूर मुख्यतः फोर्मोसा बेटातून, म्हणजे आजच्या तैवानमधून यायचा आणि १८९९ पासून त्याचा मक्ता जपान सरकारकडे होता. पुढे टर्पेंटाईनपासून कृत्रिम कापूर करायला लागले. नव्या रिळाचा डबा उघडला की देवघरासारखा वास येतो असं वडील म्हणायचे. आम्हाला ती थट्टा वाटायची.

त्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा थर. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांचं, आणि यातली गंमत मला फार उशिरा कळली. एका गिरणीच्या जिलेटिननं फिल्म जलद व्हायची, दुसऱ्याच्या जिलेटिननं मठ्ठ राहायची, आणि का ते कुणाला सांगता येत नव्हतं. १९२० च्या दशकात कोडकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी शोधलं की फरक गंधकाच्या सूक्ष्म अंशाचा आहे, आणि तो येतो मोहरीच्या जातीची पाल्याची झाडं जनावरांनी चरल्यामुळं. म्हणजे कुठल्या तरी कुरणात गुरांनी मोहरी खाल्ली म्हणून नटीच्या डोळ्यातलं पाणी पडद्यावर दिसलं. लगेच १९३० साली कोडकनं स्वतःचा जिलेटिनचा कारखानाच विकत घेतला. असल्या गोष्टी नशिबावर कोण सोडतो?

आणि त्या जिलेटिनमध्ये चांदी. खरी चांदी. आम्लात विरघळवून तिचे क्षार करायचे, ते प्रकाश खातात. जिथे प्रकाश पडला तिथे डेव्हलपरमध्ये काळी चांदी उरते, जिथे पडला नाही तिथली हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, धुऊन जाते. त्या काळच्या नटाचा चेहरा म्हणजे अक्षरशः चांदीची भुकटी आहे. हे मी उपमा म्हणून म्हणत नाही. आमच्या लॅबमध्ये हायपोच्या टाकीचा गाळ कुलपात असायचा. वडिलांच्या काळी तो गाळ महिन्या दोन महिन्यांनी गुजरीतला, म्हणजे इथल्या सराफ बाजारातला, माणूस येऊन घेऊन जायचा. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी याच गावात सुरू झाली, तेव्हा दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांच्या जोडीला पैसा घालणारे सीताराम कुलकर्णी हे सराफ होते. मला तो योगायोग आवडतो, एवढंच.

आता तुमच्या निर्णयाकडे येतो. माझ्या तक्रारी आहेत, आणि त्यातली पहिली ताबडतोबीची आहे.

पहिली. यादीतले ‘गंजके डबे, नग एकशे चाळीस’ हे रिकामे नाहीत. मी श्रावणात गोदाम पाहायला आलो होतो, रखवालदारानं पंधरा मिनिटं दिली. तीन डबे उघडले. एकात साधं ॲसिटेटचं, म्हणजे नंतरच्या सुरक्षित फिल्मचं रीळ, व्हिनेगरचा भपकारा आला. ते आंबलंय, पण धोक्याचं नाही. दुसऱ्यात नुसता वेष्टनाचा कागद. तिसरा उघडायला स्क्रू-ड्रायव्हर लागला. आत रीळ एकमेकाला चिकटून त्याची मधाच्या रंगाची ढेप झाली होती, वर फेस आल्यासारखे फोड, आणि कडेला तपकिरी पूड. झाकण हलक्या हातानं परत लावलं आणि बाहेर येऊन बसलो. ते नायट्रेट आहे, म्हणजे वर सांगितलेली नायट्रोसेल्युलोजची फिल्म. अशा अवस्थेतलं नायट्रेट आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा आपोआप पेट घेऊ शकतं. एकदा पेटलं की पाणी मारून विझत नाही, कारण त्याला बाहेरची हवा लागत नाही, प्राणवायू त्याच्या पोटातच असतो. पाण्याखालीही जळतं. आणि धूर विषारी. हे डबे तुम्ही भंगारवाल्याच्या टेम्पोत घालणार आहात. त्याची वखार वस्तीत आहे. तिथे गॅस कटर चालतो.

८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जुन्या प्रभातच्या गोदामात काय झालं ते आपल्या राज्यात तरी कुणाला सांगायला लागू नये. शेकडो चित्रपटांची नायट्रेटची रिळं एका दुपारीत गेली. जिथे रिळं सांभाळायची म्हणूनच ठेवली होती तिथली ही गत. वखारीत काय होईल?

दुसरी. ‘बहुतांश चित्रपटांचे डिजिटल रूपांतर झाले असल्याने मूळ प्रतींची आवश्यकता उरत नाही’ असं परिपत्रकात आहे. कोणी लिहिलं हे? छायाचित्र काढलं म्हणून कोणी आजीला निरोप देतो का! स्कॅन त्या दिवशीच्या यंत्राच्या कुवतीएवढाच असतो. वीस वर्षांपूर्वीचे स्कॅन आज पाहवत नाहीत, आणि ज्या डिस्कवर ते ठेवलेत ती दहा वर्षं टिकली तरी नशीब. नीट थंडीत ठेवलेली फिल्म शंभर वर्षं राहते, राहिलेली आहे. शिवाय स्कॅनमध्ये फक्त चौकटीतलं येतं. छिद्रांच्या बाहेरचं, कडेचं कुणी घेत नाही. त्या कडेवर कोडक बारीक खुणा छापायचं, दर वर्षाची वेगळी. गोल टिंब असेल तर १९१६ किंवा १९३६, चौकोन असेल तर त्याच्या पुढचं साल, मग त्रिकोण. वीस वर्षांनी खुणा परत त्याच. एखादं रीळ कधीचं, मूळ की नंतरची प्रत, हे त्या टिंबावरून कळतं. वडिलांनी मला हे भिंग देऊन शिकवलं होतं. माझ्या ट्रंकेत दीड फुटाचा एक तुकडा आहे, गोल टिंबाचा. चित्र काहीच नाही त्यावर, नुसती पाटी धरलेला एक हात. पण ते १९३६ आहे.

तिसरी तक्रार चांदीची. परिपत्रकात शेवटी एक ओळ घातलीय, ‘धातू पुनर्प्राप्तीतून मिळणारी रक्कम दालनाच्या सुशोभीकरणासाठी वापरण्यात येईल.’ ही ओळ वाचून मला रात्री झोप आली नाही. आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट झाले, त्यातले पुरे शिल्लक आहेत ते बोटांवर मोजण्याएवढे. का? काही जळले, काही सडले, आणि पुष्कळ चांदीसाठी धुतले गेले. पहिला बोलपट ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक. आज एक फूटसुद्धा नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर आयुष्यभर रिळं शोधत फिरले. ‘आलम आरा’ची उरलेली रिळं निर्माते इराणींच्या घरच्यांनीच चांदी काढून घेऊन निकालात काढली, असं ते सांगायचे. तिकडे फ्रान्समध्ये सुरुवातीच्या काळातला दिग्दर्शक मेलिएस, त्याच्या फिल्म पहिल्या महायुद्धात वितळवून सैनिकांच्या बुटांच्या टाचा केल्या. म्हणजे अडाणीपणा आपलाच आहे असं नाही. पण त्यांना माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. दालनाला संगमरवर बसवायला त्याच दालनातल्या सिनेमाची चांदी काढायची, हा हिशोब माझ्या डोक्यात शिरत नाही.

चौथी. साचे आणि ‘रंगीत फळी, तुटकी’. फळीबद्दल लिहायलाच हवं. ती स्टुडिओच्या पेंटर खात्यातली आहे, सागवानी, हातभर लांब. तिच्यावर पंचवीस-तीस रंगांचे पट्टे ओढलेत आणि प्रत्येक पट्ट्याशेजारी त्याच पट्ट्याच्या फोटोचा करडा तुकडा डकवलाय. कारण सेट रंगात बांधायचा आणि दिसायचा करड्यात. जुनी ऑर्थो फिल्म लाल रंगाला आंधळी. कुंकू काळं, ओठ काळे, रागानं लाल झालेला गडी तर कोळसा. म्हणून मेकअप पिवळट, ओठांना भलताच रंग. पॅनक्रोमॅटिक आली आणि सगळ्या रंगांना डोळे फुटले, पण मग पेंटरला सगळं परत शिकावं लागलं. आणि लॅबला सुद्धा! ऑर्थो निगेटिव्ह तांबड्या दिव्यात बघत बघत धुता यायची, पॅनक्रोमॅटिकला मिट्ट काळोख. वडील म्हणायचे, त्या दिवशी आम्ही डोळे घरी ठेवून कामावर जायला लागलो. पांढरंशुभ्र कापड तर कॅमेऱ्यापुढे चालायचंच नाही, प्रकाश त्यावर सांडून आजूबाजूचं खाऊन टाकायचा. राजाचं धोतर चहाच्या पाण्यातून काढायचे. ती फळी म्हणजे त्या माणसांचा शब्दकोश आहे. तुमच्या पोशाखाच्या काचेच्या कपाटात जो भरजरी अंगरखा लागणार आहे, तो पडद्यावर कसा दिसला हे त्या फळीशिवाय कळणारच नाही.

साच्यांचं थोडक्यात सांगतो. गोणपाट, बांबू, सरस आणि प्लास्टर, यातून राजवाड्याचे खांब व्हायचे. सेटवरचा दगडी खांब एक पोरगा बगलेत मारून न्यायचा. साचे ज्यांनी केले त्या मूर्तिकारांची नावं कुठल्याही श्रेयनामावलीत नाहीत, साच्यामागे बोटांचे ठसे मात्र आहेत.

पाचवी तक्रार ही की तुमच्या सोळा जणांच्या समितीत एकही लॅबवाला, सुतार, पेंटर, इलेक्ट्रिशियन नाही. नट आहेत, निर्मात्यांचे नातू आहेत, एक वास्तुरचनाकार आहेत. सगळे आदरणीय. पण फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या, स्वयंपाक आटपून. बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः जुळवून तयार केला, त्यात दामल्यांचा हात होता. या धंद्याची सुरुवातच हत्यारं धरणाऱ्यांनी केली आहे. त्यांच्यातलं कुणी यादी करताना शेजारी असतं, तर नुसतं ‘गंजके डबे’ असं लिहिलं गेलं नसतं.

अजून एक, आणि ही तक्रार म्हणावी की नाही ते तुम्हीच ठरवा. रजिस्टरांत १९४३ चं एक आहे, कच्च्या फिल्मच्या हिशोबाचं. युद्धामुळे फिल्म मिळेना. सगळीच बाहेरून यायची. आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना उभा राहीपर्यंत साठचं दशक उजाडलं. सरकारनं परवाना लावला आणि चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर आणून ठेवली. मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे जेमतेम दोन तास. त्याआधी आपली मंडळी तीन-तीन तास गात होती! त्या रजिस्टरात प्रत्येक टेकचे फूट लिहिलेत, आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या फिल्मपेटीत, उरलेले तुकडेसुद्धा: ‘३८ फूट, जपून ठेवले’, ‘२२ फूट, हाताच्या शॉटला चालेल’. गाणं का कापलं, दोन माणसांचं बोलणं एकाच शॉटमध्ये का उरकलं, तालमी अचानक का वाढल्या, हे सगळं त्या फुटांमध्ये आहे. सिनेमाच्या पुस्तकांत याला दिग्दर्शकाची शैली म्हणतात. असेलही. थोडी फिल्मची टंचाईही होती.

माझं म्हणणं असं नाही की गंजलेला प्रत्येक डबा काचेत ठेवा. जागा किती, पैसा किती, मला कळतं. आर्क दिव्यांत जाळायच्या कार्बनच्या कांड्यांची वीस खोकी आहेत, एक ठेवा, बाकीची द्या. रिकाम्या बरण्या खुशाल विका. माझ्या मागण्या एवढ्याच:

१. लिलाव आजच थांबवा. डबे हलवू नका, उन्हात काढू नका, आणि तोवर गोदामाच्या जवळपास विडी-काडी, वेल्डिंग काही नको. अग्निशमन दलाला लेखी कळवा की आत नायट्रेट आहे.

२. जाणकाराकडून प्रत्येक डबा उघडून तपासून घ्या. कडेला ‘सेफ्टी’ छापलेली फिल्म वेगळी, ती खूण नसलेली वेगळी. जे नायट्रेट वाचण्यासारखं आहे ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोलून त्यांच्या सल्ल्यानं हलवा. जे वाचण्यापलीकडे गेलंय ते नष्ट करावं लागेल, ते मलाही मान्य आहे, पण तेही जाणकाराच्या हातून, आणि आधी कडेच्या खुणा आणि डब्यावरची अक्षरं टिपून घेऊन.

३. वह्या, रजिस्टरं, रंगांची फळी आणि साच्यांपैकी निवडक नग यादीतून काढा. ‘धातू पुनर्प्राप्ती’ची ओळ परिपत्रकातून रद्द करा.

४. दालनात एक खोली कच्च्या मालाला द्या. कापूस, कापूर, चांदी, जिलेटिन, हायपो, प्लास्टर, कार्बन. पोरांना हात लावू द्या.

५. लॅब, सुतारकाम, रंगकाम, वीज यातून निवृत्त झालेले दोघे तरी समितीवर घ्या. गावात अजून सात-आठ जण आहेत. सगळ्यात लहान अडुसष्टचा आहे, तेव्हा पुढच्या आर्थिक वर्षाची वाट पाहू नका. त्यांच्याशी बोलून रेकॉर्डिंग करून ठेवा.

६. यातलं काहीच जमणार नसेल तर माझी ट्रंक परत द्या. पावती माझ्याकडे आहे.

शेवटी एक घरगुती गोष्ट. मेटॉलनं वडिलांच्या हाताची कातडी कायमची फुटलेली होती. लॅबमध्ये याला नुसतं ‘मेटॉलची खाज’ म्हणायचे, औषध खोबरेल तेल. नखं तपकिरी. आई त्यांना कणीक मळायला हात लावू द्यायची नाही. माझ्या लॅबमध्ये रबरी हातमोजे आले, माझे हात बरे राहिले.

येत्या गुरुवारी सकाळी अकराला भंगारवाला वजनकाटा घेऊन येणार आहे असं रखवालदाराकडून कळलं. मी साडेदहाला गोदामाच्या दाराशी असेन. भांडायला नाही. भिंग, टॉर्च आणि हातमोज्यांचे चार जोड घेऊन येतोय. तुमच्यापैकी तिघं आलात तर दुपारपर्यंत पहिले चाळीस डबे बघून होतील.

आपला,
एक निवृत्त लॅब कामगार
कोल्हापूर